काटेसाहेबांची फेरतपासणी

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. वजन-मापं खात्यात तपासनीस म्हणून उभा जन्म गेला, बाजाराच्या तोंडाशी ते दिसले की दुकानदार घाईघाईने पारडी पुसायला लागत, तेव्हा कुणीतरी हे नाव ठेवलं आणि नोकरी संपली तरी ते सुटलं नाही. घरात मुलगी आणि जावई त्यांना बाबा म्हणत. पण इमारतीच्या तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान चालवणारा त्यांचा दोस्त अजून काटेसाहेबच म्हणायचा, आणि म्हातारबुवांना ते मनापासून आवडायचं. रोज सकाळी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते खाली जात. वर्तमानपत्र वाचायला जातो असं सांगत, पण वर्तमानपत्र घरीही येत होतं.

दोन्ही गुडघे झिजले होते. सकाळी उठलं की पाय आपले नाहीतच असं वाटायचं. बायको गेल्यावर मुलीने त्यांना आपल्याकडे आणलं, तेव्हापासून तिचा दिवस त्यांच्या गुडघ्यांपासून सुरू व्हायचा. ती फिजिओथेरपिस्ट, मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला. दिवसभर लोकांचे सांधे हलवायचे आणि त्याआधी घरी बापाचे. गरम पाण्याची पिशवी, मग मोजे चढवणं, मग बाथरूमच्या दारापर्यंत हात. हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालूच. बाबा, कठडा धरलात ना काल? बाबा, ही चप्पल घालू नका म्हणून कितीदा सांगू? बाबा, पाणी प्या. काटेसाहेब म्हणत, तहान नाही. ती म्हणे, तहान लागल्यावर सगळेच पितात, आता प्या. ते अर्धा पेला पिऊन उरलेलं कुंडीत ओतत. कुंडीतलं रोप मात्र टवटवीत होतं.

वर्षभर ती एका प्रश्नावलीच्या कामात होती. सांधे झिजलेल्या माणसांना विचारायचे प्रश्न: दुखणं किती, जिना किती जड जातो, झोप लागते का, मनाला काय वाटतं. मूळ प्रश्न दुसऱ्या भाषेतले. त्यांचं भाषांतर झालं, त्यावर जाणत्यांनी कडाक्याची भांडणं केली, मग ते उलट मूळ भाषेत नेऊन पाहिलं. आता शेवटचं काम उरलं होतं: ही प्रश्नावली भरवशाची आहे की नाही ते तपासायचं. रात्री जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा काटेसाहेबांचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे काटा तपासायचाय तुम्हाला!"

"तसंच म्हणा."

"मग सोपं आहे. तेच वजन दोनदा ठेवायचं. दोन्ही वेळा काटा एकाच जागी थांबला पाहिजे."

"बाबा, आम्ही तेच करतोय," ती हसली. "त्याच माणसाला दोन आठवड्यांनी तेच प्रश्न. पण म्हातारे पुरुष मिळत नाहीत. एकदा येतात, आणि दुसऱ्या वेळी बायकोला पाठवतात. माझं तिला सगळं माहितीय, म्हणे."

जावयाला हसताना ठसका लागला. काटेसाहेब हसले नाहीत. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कामाचं काहीतरी घरात चाललं होतं, आणि त्यांचा जीव उगाच फुलून आला.

"मी येतो," ते म्हणाले. "दोन्ही वेळा."

या कामाच्या प्रमुख ज्या मॅडम होत्या त्या आधी नको म्हणाल्या. मुलगी विचारणार आणि बाप सांगणार, हे काही बरोबर नाही. पण प्रश्न विचारायचं शिकलेली दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि वेळ संपत आला होता. शेवटी त्या एका अटीवर तयार झाल्या. प्रश्न कागदावर आहे तसा वाचायचा, उत्तरांचं कार्ड पुढे करायचं आणि गप्प बसायचं. मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही. आणि उत्तरांबद्दल दोन आठवडे घरात अवाक्षर काढायचं नाही.

मुलीने घरी येऊन बापाला मॅडमची अट सांगितली आणि बजावलं, "दोन आठवडे जसं चाललंय तसंच चालू द्यायचं. नवं औषध नाही, नवा व्यायाम नाही. आणि मध्ये काही बदललंच, दुखणं वाढलं, कुठे पडलात-झडलात, तर मला लगेच सांगायचं. मग तुमचा फॉर्म बाजूला काढू, एवढंच."

यातला पहिला भाग काटेसाहेबांनी पक्का ध्यानात धरला. दुसऱ्यातला त्यांना एकच शब्द ऐकू आला, आणि तोही त्यांनी आपल्या खात्याच्या भाषेत ऐकला. बाजूला काढू म्हणजे बाद. आजवर त्यांनी शेकड्यांनी वजनं बाद केली होती. बाद वजनावर फुली मारताना दुकानदाराचं तोंड कसं उतरतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आपल्यावर ती पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

प्लास्टर घालायच्या खोलीशेजारी एक चिंचोळी खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर गुडघ्याच्या आतलं रंगीत चित्र. मुलगी समोर बसली आणि परक्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी तुम्हाला काही प्रश्न वाचून दाखवणार आहे. बरोबर किंवा चूक असं कुठलंच उत्तर नाही."

काटेसाहेबांना हसू आलं. पण तिच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही, तेव्हा ते सावरून बसले. तिने कार्ड पुढे ठेवलं. त्यावर पाच उत्तरं मोठ्या अक्षरांत होती: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.

"गेल्या चार आठवड्यांत, जिना उतरताना तुम्हाला किती वेळा त्रास झाला?"

"चार आठवडे म्हणजे आजचा दिवस धरून?"

"तुम्हाला जसं वाटतं तसं सांगा."

"अगं, पण धरायचा की नाही?"

"तुम्हाला जसं वाटतं तसं सांगा."

ही आपलीच लेक ना, असा प्रश्न त्यांना पडला. घरी एका वाक्याला चार वाक्यं ऐकवणारी ही बाई इथे एखाद्या दगडी खांबासारखी बसली होती. पण हळूहळू त्यांना त्यात एक वेगळीच मोकळीक वाटू लागली. ते सांगत होते आणि कुणी मध्येच तोडत नव्हतं. झोपेबद्दल सांगितलं. मोज्यांबद्दल सांगितलं. घरी झोपेचा विषय काढला की उशी बदलायची चर्चा सुरू व्हायची. इथे झोप लागत नाही म्हटलं तर झोप लागत नाही एवढंच लिहून घेतलं गेलं.

मग तिने पान उलटलं. "गेल्या चार आठवड्यांत, आपण दुसऱ्यांवर ओझं झालो आहोत असं तुम्हाला किती वेळा वाटलं?"

काटेसाहेब कार्डाकडे बघत राहिले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. खाली चष्मेवाल्यालाही नाही. घरी हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी हसून उडवून लावलं असतं, कारण घरी थोडंफार खोटं बोलावंच लागतं, त्याशिवाय घर चालत नाही. पण समोर तपासणी चालली होती, आणि तपासणीत खोटं बोलणाऱ्यांचा त्यांनी जन्मभर तिटकारा केला होता.

"बऱ्याचदा," ते म्हणाले.

तिचं पेन क्षणभर घुटमळलं आणि तिने वर न बघता खूण केली. पुढचा प्रश्न तिने त्याच सुरात वाचला. काटेसाहेबांनी तिच्या भांगाकडे पाहिलं. तिथे पांढरा केस आला होता, आणि तो कधी आला हे त्यांना माहीत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी जिन्यात त्यांचा उजवा गुडघा एकाएकी दगा देऊन गेला. कठडा हातात होता म्हणून गडगडत गेले नाहीत. पण दोन पायऱ्या घसरून ते वळणावर आदळले आणि गुडघा शरीराखाली दुमडला. चष्मेवाला धावत वर आला. त्याने काखेत हात घालून त्यांना उठवलं, दुकानात बसवलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोन हातात घेतला.

"ठेव तो," काटेसाहेब म्हणाले.

"अहो, लेकीला कळवायला नको? हाडांचंच काम करते ती!"

"तिला नाही सांगायचं. दोन आठवडे तरी नाही."

"का पण?"

"वजन बदललं असं होईल."

चष्मेवाल्याने त्यांच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता. मग साहेबांनी त्याला सगळं समजावलं, अगदी प्रमाण वजन थंड कपाटात का ठेवतात, त्याला उघड्या हाताने का शिवत नाहीत इथपासून. चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, "काटेसाहेब, तुम्ही माणूस आहात हो." पण शब्द दिला तो पाळला.

गुडघा संध्याकाळपर्यंत टम्म फुगला. साहेबांनी सैल पायजमा घातला. सकाळी मुलगी मोजे घेऊन आली की ते आधीच घालून बसलेले असत. त्यासाठी तासभर आधी उठून, ओठ दाताखाली दाबून, पायाशी झटापट करावी लागे. गरम पिशवी मी घेईन, म्हणत. जिना उतरायचंही सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर तिला कळलं असतं. हट्टीपणा म्हणावा की खुळेपणा? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काटेसाहेबांनीच त्याला वेड्यात काढलं असतं.

एक मात्र त्यांना सोपं गेलं. मुलगी विचारत नव्हती.

आधी त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मग एका सकाळी जिन्याच्या तोंडाशी ते कठडा न धरता मुद्दाम तिच्या देखत दोन पावलं चालले, आणि ती काही बोलली नाही. पाणी प्या म्हणाली नाही. पेला भरून टेबलावर ठेवला आणि कामाला निघून गेली. रात्री जेवताना जावयाशी बोलायची, बापाशी जेवढ्यास तेवढं. त्यांच्याकडे बघायची, तोंड उघडायची आणि मिटायची. एकदा ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती आणि नळ उगाच चालू होता. काटेसाहेबांना आत जायचं धाडस झालं नाही.

कारण त्यांना कळलं होतं. किंवा त्यांना वाटलं की कळलं. आपण ओझं झालोय असं तिला तोंडावर सांगितलं आणि तिने ते लिहून घेतलं. नाही हो बाबा, असं कसं म्हणता, असं एका शब्दानेही म्हणाली नाही. तिथे म्हणायचं नव्हतं, ते ठीक, नियम होता. पण घरी? उत्तरांबद्दल बोलायचं नाही म्हणजे जन्मदात्याशीही बोलायचं नाही, असं कुठल्या नियमात बसतं? याचा अर्थ एकच होता. ते उत्तर तिला पटलं होतं. वर्षानुवर्षं तिच्या मनात होतं ते बापानेच बोलून दाखवलं, आता आणखी बोलायचं तरी काय?

त्या विचाराने त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं, हे सांगायलाच हवं.

खात्यातले त्यांचे एक जुने सोबती शहराबाहेर वृद्धाश्रमात राहत होते. काटेसाहेबांनी त्यांना फोन लावला. आवाज चढा आणि आनंदी ठेवला. हो, हो, मजेत. सहजच विचारतो, तुमच्याकडे जागा आहे का एखादी? सोबत्यांनी चौकशी केली आणि सांगितलं, खिडकीजवळची एक खाट रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत धरून ठेवायला सांगतो. साहेब म्हणाले, सांगा. मुलीला आत्ता सांगायचं नाही, हेही ठरवलं. दुसरी तपासणी होऊ द्यायची. तिचं काम स्वच्छ पार पडू दे, मग सांगू. कपाटावरची बॅग त्यांनी काठीने ओढून काढली आणि पलंगाखाली सरकवली.

दुसऱ्या तपासणीला तीच खोली, तीच खुर्ची, दिवसाची तीच वेळ. एरवी या नेटकेपणाचं साहेबांनी कौतुक केलं असतं. ते दारातून खुर्चीपर्यंत आले तेव्हा मुलीने त्यांच्या पायांकडे पाहिलं. रोज चाल बघूनच रोग ओळखणारी बाई ती. पण ते झटकन बसले आणि तिने कागद उघडला.

"नमस्कार. मी तुम्हाला काही प्रश्न वाचून दाखवणार आहे. बरोबर किंवा चूक असं कुठलंच उत्तर नाही."

साहेब तयारी करून आले होते. पहिल्या वेळची सगळी उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. गेले दोन आठवडे झोप येत नव्हती तेव्हा त्यांनी तीच घोकली होती. जिना? कधीकधी. हे म्हणताना जिन्याचं ते वळण डोळ्यांपुढे आलं, पण आवाज हलला नाही. स्वतः मोजे घालता येतात? क्वचित. झोप उडते? बऱ्याचदा. खट खट खट, काटा प्रत्येक वेळी जुन्याच जागी येऊन थांबत होता. मुलगी खुणा करत होती, आणि साहेबांच्या मनाला मात्र काहीतरी टोचू लागलं होतं.

त्यांना एक किराणावाला आठवला. त्याचा काटा कधीही तपासा, बिनचूक. कौतुक करून साहेब निघाले होते, आणि सहज म्हणून त्यांनी पारडं उलटं केलं. खाली मेणाची गोळी चिकटवलेली. तपासणीपुरती लावायची, साहेब गेले की काढायची. त्याला त्यांनी भर बाजारात असं झापलं होतं की शेजारचे दुकानदारही खाली बघू लागले. आता आपण इथे बसून तेच करतोय, आणि तेही पोटच्या पोरीच्या काट्यावर!

तिने पान उलटलं. यावेळी तिचा आवाज पहिल्या शब्दाला थोडा अडखळला. "गेल्या चार आठवड्यांत, आपण दुसऱ्यांवर ओझं झालो आहोत असं तुम्हाला किती वेळा वाटलं?"

बऱ्याचदा म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होता.

"नेहमी," काटेसाहेब म्हणाले.

तिचं पेन थांबलं. मग तिने खूण केली, कागदाच्या शेवटी गेली आणि उरलेला प्रश्न वाचला. तो फक्त दुसऱ्या वेळेसाठी होता. "मागच्या वेळेपासून आजपर्यंत तुमच्या बाबतीत काही बदललं आहे का? असल्यास, काय?"

"बदललंय," साहेब म्हणाले. "तू माझ्याशी बोलायचं बंद केलंस."

तिने मान वर केली.

"आणि मी पडलो," ते घाईने म्हणाले, जणू ही किरकोळ बाब राहून गेली होती. "पण ते महत्त्वाचं नाही."

"पडलात?" नियम, मॅडम, कागद, सगळं एका शब्दात हवेत उडालं. "कधी? कुठे पडलात? बाबा!"

"जिन्यात. तिसऱ्या दिवशी."

"आणि आज सांगताय! म्हणून ते मोजे! म्हणून ती पिशवी स्वतः घ्यायची सोंगं! मी मूर्खासारखी समजत होते की मी विचारलेल्या प्रश्नांनी तुम्हाला लाज वाटली, म्हणून तुम्ही मला पायाला हात लावू देत नाही." ती उभी राहिली, पुन्हा बसली. "मी सांगितलं नव्हतं, पडलात तर लगेच सांगा म्हणून?"

"तुझं काम बिघडलं असतं."

"काम गेलं खड्ड्यात!"

बाहेरून कुणीतरी दार किंचित उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं. मुलीने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग ती खालच्या आवाजात बोलायला लागली.

"मला बोलायची मनाई होती, बाबा. उत्तरांबद्दल. त्या दिवशी तुम्ही ते म्हणालात आणि मला वाटलं, इथेच कागद फाडावा. घरी आल्यावर तर तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल अशी भीती वाटायची. पाणी प्या म्हणायला गेले तरी रडू येईल असं वाटायचं. म्हणून मी काहीच बोलले नाही. दोन आठवडे मूग गिळून बसले. म्हटलं, आजचा फॉर्म झाला की घरी जाऊन बोलायचं."

काटेसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. हीसुद्धा! बापाने गुडघा लपवला, लेकीने जीभ आवरली, आणि दोघंही एकाच छपराखाली दोन आठवडे न हलता बसले. कुणी सांगितलं होतं एवढं? बोलू नका म्हणजे फक्त उत्तरांबद्दल बोलू नका, आणि बदलू नका म्हणजे मुद्दाम बदलू नका, एवढाच तर नियम होता. पण थोडक्यात भागवणं या घराण्याला कधी जमलं नाही.

"मी आश्रमात जागा बघितली," ते म्हणाले. लपवण्यात आता अर्थ नव्हता. "खिडकीजवळची खाट आहे. बॅग पलंगाखाली काढून ठेवलीय."

यावर ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिचा चेहराच पडला, लहानपणी तिला शाळेतून घ्यायला त्यांना उशीर झाला होता त्या दिवशी पडला होता तसा.

"बाबा, तुम्ही ओझं नाही आहात," ती म्हणाली.

काटेसाहेबांनी ते वाक्य ऐकलं आणि त्यांच्या मनाला ते भिडलं नाही. चांगलं वाक्य होतं. चांगल्या मुली म्हणतातच. त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं, फिरवून तिच्या पुढे ठेवलं आणि खुर्चीत ताठ बसले. बाजारात काट्यासमोर बसत तसे.

"नमस्कार," ते परक्या आवाजात म्हणाले. "बरोबर किंवा चूक असं कुठलंच उत्तर नाही. गेल्या चार आठवड्यांत, वडील आपल्यावर ओझं झाले आहेत असं तुम्हाला किती वेळा वाटलं?"

"काय बाबा हे..."

साहेबांनी कार्ड बोटभर पुढे सरकवलं.

"ओझं म्हणजे कसलं? कामाचं की..."

"तुम्हाला जसं वाटतं तसं सांगा."

तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे एक रेघ हलत नव्हती. मग तिने कार्डाकडे पाहिलं. पहाटेचा गजर, रद्द केलेली सहल, नवऱ्याशी झालेली कुजबूज, पाठीतली चमक, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून जाताना साहेबांना दिसत होतं. त्यांनी मान डोलावली नाही, भुवई उचलली नाही.

"कधीकधी," ती म्हणाली. आणि ढसाढसा रडायला लागली.

काटेसाहेबांनी डोळे मिटले. तिने 'कधीच नाही'वर बोट ठेवलं असतं, तर ते त्यांनी हसून मान्य केलं असतं आणि महिनाअखेरीला बॅग उचलली असती. काहीही ठेवलं तरी शून्यच दाखवणारे काटे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांच्यावर कधी शिक्का मारला नव्हता. पण कधीकधी! रात्ररात्र जागून त्यांनी स्वतःचं जे वजन केलं होतं ते कितीतरी जास्त भरलं होतं. त्यांचाच काटा चुकला होता, आणि तो चुकल्याचा एवढा आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

"अगं, रडतेस काय," ते म्हणाले आणि स्वतःचे डोळे शर्टाच्या बाहीने पुसले. "बरोबर आहे. मला वाटलं होतं त्याहून खूप कमी आहे."

ती नाक ओढत उठली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने पायजमा वर सरकवला. गुडघा अजून सुजलेला, बाजूने हिरवट काळा. तिने दोन्ही तळवे त्यावर ठेवले. "आणि हा घेऊन तुम्ही रोज जिना उतरत होतात! लाज नाही वाटली? आधी एक्स-रे काढायचा, मग बघते तुमच्याकडे. आणि तो चष्मेवाला, त्याला ठाऊक होतं ना? त्याच्याकडेही बघते. कठडा धरला होतात का?"

"धरला होता."

"चप्पल कुठली होती?"

काटेसाहेबांनी भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे नजर वळवली.

"तीच ना? मला माहीत होतं!"

ती बोलत राहिली, दोन आठवड्यांचं साचलेलं सगळं, आणि साहेब खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिले. मध्येच त्यांनी खिशातून फोन काढला आणि जुन्या सोबत्याला सांगितलं की ती खिडकीजवळची खाट दुसऱ्या कुणाला द्या. कारण विचारल्यावर म्हणाले, मागून सांगतो, आत्ता तपासणी चालू आहे.

"आणि माझा फॉर्म?" फोन ठेवून त्यांनी विचारलं.

"बाद," ती म्हणाली. तिने पेन उचलून कागदाच्या डोक्यावर फुली मारली. साहेबांनी ती फुली नीट निरखून पाहिली. सरळ, ठसठशीत, मारावी तशी मारली होती.

मग तिने टेबलावरच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "पाणी प्या."

आसपास कुंडी नव्हती. असती तरी उपयोग नव्हता, कारण काटेसाहेबांनी पेला दोन्ही हातांत घेतला आणि सगळा रिकामा केला.